संविधान सर्वोच्च कायदा कसे झाले?

प्रजासत्ताक दिन आपण २६ जानेवारीला साजरा करतो. परंतु भारताचे संविधान स्वीकृत झाले ते त्यापूर्वी दोन महिने, २६ नोव्हेंबर १९४९ रोजी. हा स्वीकार कोणाच्या अधिकाराने झाला, हे प्रत्येक नागरिकाने जाणून घेतले पाहिजे.

संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली. प्रांतांचे सदस्य तेथील विधिमंडळांनी निवडले होते. येशूसंघीय धर्मगुरू फादर जेरोम डिसोझा मद्रास प्रांतातून आले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सिद्ध केलेल्या मसुद्यावर कलमवार चर्चा झाली आणि २,४७३ दुरुस्त्या सभागृहात मांडल्या गेल्या.

अमेरिकेचे संविधान १७८८ साली नऊ राज्यांच्या मान्यतेने प्रस्थापित झाले. आयर्लंडने १९३७ साली सार्वमत घेतले. भारतात संविधान सभेचा ठराव हीच अंतिम मान्यता ठरली. ब्रिटिश राजाची संमती मागितली गेली नाही. उलट, अनुच्छेद ३९५ ने ब्रिटिश संसदेचा १९४७ चा भारतीय स्वातंत्र्य अधिनियमच रद्द केला. सत्तेचा उगम राजमुकुटात नसून ‘आम्ही भारताचे लोक’ यांच्यात आहे, हेच त्यातून स्पष्ट झाले. नागरिकत्व व निवडणुकांविषयीचे काही अनुच्छेद तत्काळ लागू झाले. उर्वरित संविधान २६ जानेवारी १९५० पासून अमलात आले. १९३० साली याच दिवशी पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेण्यात आली होती.

संविधानाच्या सर्वोच्चतेचा अर्थ काय? अनुच्छेद १३ नुसार मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा विसंगतीच्या मर्यादेपर्यंत शून्य ठरतो. अनुच्छेद ३२ नुसार हक्कभंग झालेला नागरिक थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागू शकतो. संसद विशेष बहुमताने संविधानात दुरुस्ती करू शकते; मात्र त्याची मूलभूत चौकट तिला मोडता येत नाही, असा निर्णय न्यायालयाने १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात दिला.

अल्पसंख्याकांसाठी हे विशेष मोलाचे आहे. सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य, धर्माचे आचरण व प्रसार (अनुच्छेद २५) आणि स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवणे (अनुच्छेद ३०) या गोष्टी कोणत्याही सरकारच्या कृपेवर अवलंबून नाहीत. त्या हक्क आहेत. त्यांना सार्वजनिक सुव्यवस्थेसारख्या मर्यादा आहेत. पण त्या मर्यादा योग्य आहेत की नाहीत, हेही न्यायालयात तपासता येते. हक्क ठाऊक असले, तरच ते मागता येतात. म्हणून संविधानाची मराठी प्रत प्रत्येक कुटुंबात वाचली जावी.