शंभर माणसांची पंचायत आणि तानसाचे पाडे

स्वीडन आणि फिनलंड यांच्या मधल्या समुद्रात ऑलंड नावाचा बेटांचा पुंजका आहे. देश फिनलंड, भाषा मात्र स्वीडिश. त्यातल्या सोत्तुंगा या बेटगावाला स्वतःची पंचायत आहे आणि गावची वस्ती आहे जेमतेम शंभर. संपूर्ण फिनलंडमध्ये यापेक्षा कमी लोकवस्तीची पंचायत नाही. एवढ्याशा वस्तीची भाषा फिनिश बोलणाऱ्या देशात केव्हाच विरघळून जायला हवी होती. ती टिकली याचं मोठं कारण १९२१ सालच्या एका निवाड्यात आहे. ऑलंडच्या लोकांना स्वीडनमध्ये जायचं होतं. राष्ट्रसंघानं बेटं फिनलंडलाच दिली, पण तिथली भाषा, जमीन आणि रीतिरिवाज सांभाळण्याची हमी फिनलंडकडून घेतली. आजही ऑलंडचा ‘रहिवास हक्क’ नसलेल्याला तिथं मोकळेपणानं जमीन विकत घेता येत नाही, की बेटांच्या विधिमंडळासाठी मत देता येत नाही. बाहेरून आलेल्याला हा हक्क मिळतो, पण त्यासाठी पाच वर्षं तिथं राहावं लागतं आणि स्वीडिश यावी लागते. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांचं माध्यमही कायद्यानं स्वीडिशच. भाषेची राखण तिथं जमिनीपासून सुरू होते, आणि माझ्या मते ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांनी घ्यावी अशी गोष्ट हीच आहे.

हे पाडेही एका अर्थानं बेटंच आहेत. तानसा, वैतरणा आणि भातसा यांच्या पाणलोटात ठाकर, कातकरी, वारली, मल्हार कोळी यांच्या वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या आहेत. तानसाचं धरण १८९२ साली पुरं झालं आणि तेव्हापासून इथलं पाणी नळवाटे मुंबईला जातं. पुढं आणखी धरणं आली. तानसाभोवतालचं रान अभयारण्य झालं. पाणी किती आणि कुठं न्यायचं, रानात कुणी पाऊल टाकायचं, हे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ या पाड्यांच्या बाहेर ठरत आलं. ज्या तालुक्याचं पाणी महानगराची तहान भागवतं, त्याच तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईला पाणी मिळूच नये असं कुणी म्हणणार नाही. पण रानपाण्यावरचा हात सुटला की माणसं पाड्यावर टिकत नाहीत. कातकऱ्यांचं नावच खैराच्या काताशी जोडलेलं आहे. जंगलाचे कायदे कडक होत गेले तसा तो धंदा हातचा गेला. आज दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलं त्यांच्याबरोबरच जातात. वाडी वर्षातून सहा महिने ओस पडत असेल, तर तिची बोली कुणी कुणाशी बोलायची?

या बोली कुणाला ठाऊकच नव्हत्या असं मुळीच नाही. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला, त्यात कातकरी, वारली आणि ठाकरी यांची नोंद आहे. ल. ना. चापेकरांचा सह्याद्रीतल्या ठाकरांवरचा इंग्रजी ग्रंथ १९६० मध्ये आला. गणेश देवी यांच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंडही २०१३ साली प्रसिद्ध झाला. नोंदी भरपूर झाल्या, त्या मोलाच्याही आहेत. पण वाघबारशीला वाघदेवाला काय म्हणायचं, धान्यदेवता कणसरीचं गाणं कोणत्या सुरात उचलायचं, कोणता कंद उकडून खायचा आणि कोणता आधी राखेत ठेवायचा, हे पुस्तकात उतरवून जिवंत राहत नाही. त्याला रान लागतं, सण करायला गावात थांबलेली माणसं लागतात.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप वजनदार आहे: सोत्तुंगाच्या पाठीशी स्वीडिशसारखी समृद्ध छापील भाषा आहे, पलीकडच्या किनाऱ्यावर एक अख्खा देश ती बोलतो, कातकरीच्या पाठीशी कोण? हा फरक मान्यच करायला हवा. पण त्यातून निघतं ते एवढंच, की कातकरीला संरक्षण अधिक हवं. शिवाय तिच्या पाठीशी कुणी उभं राहायचंच असेल तर ते मराठीनं, कारण ग्रियर्सननं या बोली मराठीच्याच घरात नोंदवल्या आहेत. दुसरा आक्षेप खुद्द पाड्यातले आईबापच घेतात: मुलाला प्रमाण मराठी आणि इंग्रजी आली पाहिजे, बोली शिकून पोट भरेल का? त्यांची काळजी खरी आहे. मात्र पहिलीतलं मूल गुरुजींचं बोलणंच समजत नाही म्हणून गप्प बसत असेल, तर ते मराठीही शिकत नाही. बोलीतून सुरुवात आणि मग मराठी, हाच त्या मुलाला मराठीपर्यंत नेणारा जवळचा रस्ता आहे. राज्यघटनेचं कलम ३५० क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगतं, ते याच विचारानं. तिसरा आक्षेप असा, की एवढ्याशा वस्तीला स्वतंत्र कारभार परवडत नाही. वस्ती लहान म्हणून तिनं स्वतःच्या रानपाण्याबद्दल बोलू नये, असा अर्थ मात्र त्यातून निघत नाही.

आणि इथं आपल्याकडचा कायदा कच्चा नाही, हे ठासून सांगितलं पाहिजे. संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडमधली काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. आदिवासींची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय देता येत नाही. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि त्याखालचे राज्याचे २०१४ चे नियम यांनुसार पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून स्वतःची ग्रामसभा मिळू शकते. त्यासाठी पाड्याच्या मतदारांनी ठराव करून तो उपविभागीय अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट पेसा ग्रामपंचायतींकडे येतो. वनहक्क कायद्यानं सामूहिक दावेही करता येतात. सोत्तुंगाच्या लोकांनी अशा तरतुदी कागदावर राहू दिल्या नाहीत. तानसा खोऱ्यातल्या ज्या पाड्यांनी हा ठराव अजून केलेला नाही, त्यांनी तो येत्या ग्रामसभेच्या आधी करावा, आणि तालुक्यातल्या शिक्षकांनी व शिकलेल्या तरुणांनी कागदपत्रं तयार करायला त्यांच्या शेजारी बसावं.