घोड्याच्या पायाची जखम : बैलाचा हिशेब इथे चालत नाही



आजचा मेसेज भाताचा नाही, घोड्याचा आहे. आपल्या काही सभासदांकडे वरातीचे घोडे आहेत. नेरळ बदलापूरपासून तिसरं स्टेशन, त्यामुळे माथेरानला घोडा चालवणारे नातेवाईकही बऱ्याच जणांचे आहेत. पाऊस सुरू झाला की पायाच्या जखमांचे फोटो माझ्याकडे येतात आणि निम्म्या फोटोंत जखमेवर हळद, चुना नाहीतर गाडीचं काळं ऑइल दिसतं. मी शेतीचा माणूस आहे, इंजेक्शन आणि औषध हे पशुवैद्यकाचं काम. पण डॉक्टर येईपर्यंतचं काम आपलंच असतं.

बैलाची जखम बऱ्याचदा जुजबी इलाजावर भरून येते, म्हणून घोड्यालाही तसंच करतात. घोड्याचा पाय वेगळा आहे. पुढच्या पायात गुडघ्याखाली आणि मागच्या पायात मागे वळलेल्या मोठ्या सांध्याखाली मांस जवळजवळ नसतंच. कातडी, तिच्याखाली जाड दोरांसारख्या कंडरा, हाड आणि सांधे, बस. रक्तपुरवठा कमी, कातडी ताणलेली. त्यामुळे कुंपणाच्या तारेने झालेला दोन बोटांचा काप थेट सांध्यात गेलेला असू शकतो. सांध्यात पू झाला तर घोडा कायमचा लंगडा होतो, कधी जीवही जातो.

म्हणून आधी हे बघा. जखम सांध्याजवळ आहे का? तिच्यातून पिवळसर, तेलकट, चिकट पाणी येतंय का? जखम छोटी पण घोडा पाय टेकवतच नाही, असं आहे का? पाय गरम होऊन सूज वर चढतेय, वास येतोय, ताप आहे? यातलं एक जरी असेल तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टर. जखमेत काडी किंवा बोट घालून खोली मोजायला जाऊ नका.

आता धुणं. सगळ्यात जास्त फायदा यातच आहे. एक लिटर पाणी उकळून गार करा, त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा साधारण दीड सपाट चमचा. बाटलीच्या झाकणाला स्वच्छ सुईने भोकं पाडा आणि बाटली दाबून धार मारा. शेण, माती, पू निघेपर्यंत धुवा, एक लिटर कमी पडेल. आजूबाजूचे केस कापा. नंतर पोव्हिडोन आयोडीन वापरायचं असेल तर ५ टक्केवालं २० मिली एका लिटर पाण्यात, रंग फिक्या कोऱ्या चहासारखा. घट्ट ओतलं म्हणजे लवकर बरं होतं असं नाही, उलट नवीन येणारी कातडी जळते. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, फिनाइल यांचंही तेच. हे करताना एक माणूस घोड्याच्या तोंडाशी हवाच, आणि आपण बाजूला अंगाला चिकटून उभं राहायचं, मागे नाही.

पट्टी बांधताना आधी स्वच्छ गॉज, मग कापसाचा जाड थर, मग सगळीकडे सारख्या ताणाने क्रेप बँडेज. सुतळी नको, तिने कंडरा आवळली जाते. भिजलेली पट्टी ताबडतोब बदला, नाहीतर रोज एकदा.

दहा-पंधरा दिवसांनी जखमेतून लालभडक, दाणेदार मांस कातडीच्या वर येऊ लागलं तर ते बरं होण्याचं लक्षण समजू नका. घोड्याच्या पायात ही खोड असतेच आणि त्या मांसावर कातडी चढत नाही. काही जण त्यावर मोरचूद लावतात, ते करू नका. डॉक्टर ते कापून सपाट करतात. पावसाळ्यात न भरणारी, खाज सुटणारी, आत पिवळे कडक दाणे असलेली जखम म्हणजे बहुधा ‘बरसाती’. बऱ्याचदा ती माश्यांनी आणलेल्या जंताच्या अळ्यांमुळे होते. तिला वेगळं औषध लागतं.

धनुर्वाताची लस विसरू नका. पाळीव जनावरांत घोडा या रोगाला सगळ्यात नाजूक आणि याचे जंतू घोड्याच्या लिदीत, तबेल्याच्या मातीत असतातच. जखम सुकल्यावरही एक ते तीन आठवड्यांत कान ताठ, शेपटी उचललेली, जबडा बंद, डोळ्यावर आतला पडदा सरकलेला असं दिसू शकतं. तेव्हा वाचवणं अवघड. मागची लस कधी दिली ते डॉक्टरांना सांगा, आठवत नसेल तर तसंही सांगा.

गाईसाठी आणलेलं उरलेलं अँटिबायोटिक घोड्याला टोचू नका, काही औषधं त्याच्या आतड्याला घातक ठरतात. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे. घोडा बरा होईपर्यंत कोंबड्यांच्या शेडजवळ बांधला असेल तर तेही बघा. काही कोंबडीखाद्यात मोनेन्सिन असतं, थोडं खाल्लं तरी घोडा मरू शकतो.

आणि एक. जखम झालेलीच नाही, पण पायावर ओळीने गाठी येऊन फुटतायत, मधासारखा चिकट पू येतोय, नाक वाहतंय, तर हात लावू नका. ग्लँडर्स असू शकतो आणि तो माणसालाही होतो. घोडा वेगळा बांधा, त्याची बादली वेगळी ठेवा आणि सरकारी दवाखान्यात कळवा. २००९ च्या कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. रक्ताची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी टोल फ्री १९६२. मोठी शस्त्रक्रिया लागली तर परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. निघण्याआधी फोन करून घ्या, आणि पाय पट्टी बांधूनच गाडीत चढवा.