लग्न हा इलाज नव्हे

मुलाने घरी सांगितलं की तो समलिंगी आहे, तर पहिला धक्का ओसरायच्या आत कुणीतरी वडीलधारं म्हणतं, "लग्न लावून द्या, येईल ताळ्यावर." सगळ्या गैरसमजांत हाच सर्वांत महागात पडतो. कुणाकडे ओढा वाटावा हे लग्नाने बदलत नाही. कांदेपोहे घेऊन बाहेर आलेल्या मुलीला यातलं काहीच ठाऊक नसतं. पुढे नवरा अंतर राखून वागतो आणि आपल्यातच काही खोट असेल, असं समजून ती झुरत राहते. पाळणा हलला नाही तर बोलणीही तिलाच. आणि हलला, तरी त्याचा कल बदलला असं होत नाही. मुलगीच समलिंगी असेल तर कोंडी आणखी घट्ट होते, कारण अनेक घरांत तिचा नकार कुणी विचारातच घेत नाही.

"आमचेच संस्कार कमी पडले," म्हणून आईवडील स्वतःला कोसतात. संस्कारांचा इथे काहीच संबंध नाही. आजारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असा कल 'बदलण्याचे' उपचार गैरवर्तन ठरवले. त्यामुळे "बरा करून देतो" म्हणणाऱ्या डॉक्टरच्या दारातून परत फिरावं.

उभयलिंगी मुलांना वेगळाच सल्ला मिळतो: "तुला दोन्ही चालतं ना, मग मुलगीच बघ." ओढा दोघांकडे असू शकतो. पण म्हणून मन कुणावर बसावं हे घरच्यांच्या हाती येत नाही.

"आता त्यांची लग्नंही कायदेशीर झाली," हेही खरं नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाहाचा हक्क मात्र नाकारला. संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, असं केंद्राने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले धरा, असंही राज्यांना कळवलं. हे फार थोडकं आहे, पण दोघांचा संसार चालवताना उपयोगी पडतं.

२०१५ साली मुंबईत पद्मा अय्यर यांनी आपला मुलगा हरीश याच्यासाठी 'वर पाहिजे' अशी जाहिरात दिली. काही वृत्तपत्रांनी नाकारल्यावर 'मिड-डे'ने ती छापली. त्यातल्या जातीच्या उल्लेखावर टीका झाली, आणि ती रास्तच होती. तरी आई जे स्थळ शोधायला निघाली होती, ते मुलाला हवं होतं तसं.