काळोखाचे ऋण : नेकनूरच्या माळावरील प्रकाशलेखन

बीड तालुक्यातील नेकनूर या ग्रामनामात फारसी 'नेक' आणि अरबी 'नूर', म्हणजे चांगुलपणा आणि तेज, असे दोन शब्द एकत्र ऐकू येतात. 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या या मुलखात, जिथे चावडीचे दप्तर आणि सरकारी फर्माने याच शब्दसंपदेवर पोसली गेली, ते नाव कोणाच्याही कानाला परके वाटत नाही. या बालाघाट परिसरातील पळस, बाभूळ, हिवर आणि सीताफळीची विरळ झाडी आश्विन अमावास्येच्या रात्री गडद अंधारात बुडते, आणि प्रकाशलेखन नावाच्या छायाचित्रकलेला नेमका असाच अंधार लागतो.

या कलेची रीत साधी, पण संयमाची आहे. कॅमेरा तिपाईवर अचल ठेवून त्याचे झाकण अर्धा मिनिट वा त्याहून अधिक काळ उघडे ठेवावयाचे, आणि तेवढ्या अवधीत हाती लहान बॅटरी घेऊन एकेक खोड, एकेक फांदी उजळीत जावयाचे. गडद वस्त्रे नेसून सतत चालत राहिलेला माणूस स्वतःवर उजेड पडू देत नसेल, तर चित्रात त्याचा मागमूसही उरत नाही. बॅटरीचा झोत पसरत जातो, म्हणून चार मीटरवरील खोडाला जेवढा वेळ द्यावा, त्याच्या सुमारे चौपट आठ मीटरवरील खोडाला द्यावा लागतो. कॅमेऱ्याच्या बाजूने समोर टाकलेला उजेड सालीला सपाट करतो. तोच आडून टाकला की तिच्या भेगा आणि गाठी उठावाने दिसू लागतात.

या विद्येचा आरंभ शास्त्रज्ञांच्या जिज्ञासेत आहे. 1889 साली फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे आणि जॉर्ज देमेनी यांनी माणसाच्या सांध्यांवर विजेचे दिवे बांधून त्याच्या चालीच्या रेषा टिपल्या. 1949 साली ग्योन मिली या छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यासमोर पिकासोने लहानशा दिव्याने हवेत चित्रे रेखाटली. तेथे दिव्याचे तोंड कॅमेऱ्याकडे होते, म्हणून दिव्याचीच वाट चित्र झाली. अरण्यात ते झाडाकडे असते, म्हणून दिवा अदृश्य राहतो आणि झाड प्रकट होते. मला या दुसऱ्या रीतीत अधिक विनय दिसतो.

तो विनय येथे कर्तव्यही आहे. याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, 1994 साली घोषित झालेले नायगाव मयूर अभयारण्य आहे. मोर रात्री उंच झाडांवर विसावतात, आणि अशा निवाऱ्यावर अकस्मात पडलेला प्रखर झोत पक्ष्याला अंधारातच उडावयास लावू शकतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या 28 व्या कलमान्वये अभयारण्यात छायाचित्रणासाठीही परवाना लागतो, आणि तो नियम मला जाचक नव्हे, न्याय्य वाटतो.

म्हणून ज्याला हा छंद लागला असेल, त्याने अभयारण्याची रात्र मोरांकडेच राहू द्यावी. मालकाची इजाजत घेऊन शेताच्या बांधावरील एखादे बाभळीचे झाड निवडावे, तेथे पाखरांचा मुक्काम नाही हे दिवसा पाहून ठेवावे, आणि बॅटरी झाडाला पुरेल तेवढीच लावावी. चित्र पुरे झाले, की ती विझवून अंधार जसा मिळाला तसाच परत करावा.