चाकांवरचें घर आणि विजेची उसळी

घर बरोबर घेऊन हिंडण्याची कल्पना आपल्या मुलखास नवी नाहीं. बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर संसार लादून वऱ्हाडच्या वाटा तुडवीत असत. तमाशाचे फड राहुट्या, कनाती व रंगमंच मालमोटारींत भरून गांवोगांव जातात. जत्रेंतील फिरता सिनेमा तर प्रक्षेपणयंत्रच मालमोटारीच्या पाठीमागें बसवून, ती मोटार तंबूस भिडवून, खेळ दाखवीत असे. अलीकडे यांत आणखी एका प्रकाराची भर पडली आहे. मोटारीमागें जोडून ओढावयाचें, निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेलें लहानसें घर, ज्यास परदेशांत ट्रेलर किंवा कॅराव्हॅन म्हणतात, तें आपल्या राज्यांतही क्वचित् दृष्टीस पडूं लागलें आहे. इ. स. २०२१ मध्यें महाराष्ट्र शासनानें अशा वाहनांच्या पर्यटनासाठीं स्वतंत्र धोरण जाहीर केलें. आणि डिसेंबर २०२२ मध्यें समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला, तो आपल्या मालेगांव तालुक्यांतूनच जातो.

शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनास, पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेस किंवा लोणारचें सरोवर पाहण्यास एखादें कुटुंब असें घर मागें ओढीत निघालें, तर संध्याकाळीं तें कोठें तरी उभें राहणार आणि कोणाकडून तरी वीज मागणार. ती वीज घेतांना आंतील यंत्रें व माणसें सुरक्षित कशीं राहतील, एवढाच या लेखाचा विषय आहे. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या अंगणांत असा ट्रेलर नसेल हें आम्ही जाणतों. परंतु शेतावरील पंपाची खोली, लग्नाचा मांडव आणि गणेशोत्सवाचा मंडप यांसही हेच नियम लागूं पडतात. म्हणून विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं हा लेख परका समजूं नये.

प्रथम ‘सर्ज’ या शब्दाचा अर्थ पाहूं. भरवेगानें चाललेलें पाणी झडप मिटून एकाएकीं अडविलें म्हणजे पाइपास हातोडा मारल्यासारखा धक्का बसतो, हें शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको. विजेच्या तारांतही असेंच घडतें. जवळपास आकाशांतील वीज कोसळली, अथवा एखादी मोठी मोटर एकदम बंद झाली, कीं तारेंतील दाब क्षणभर शेंकडों, कधीं हजारों व्होल्ट उसळतो व लगेच ओसरतो. हा क्षण इतका लहान असतो कीं, डोळ्यास त्याचा पत्ताही लागत नाहीं. परंतु फ्रिजच्या किंवा बॅटरी चार्जरच्या आंतील नाजूक भाग जाळण्यास तो पुरतो.

ही उसळी वाटेंतच वळविणाऱ्या उपकरणास सर्ज प्रोटेक्टर किंवा एसपीडी म्हणतात. त्याच्या पोटांत बहुधा जस्ताच्या ऑक्साइडची, भट्टींत भाजून काढलेली एक तबकडी असते. हिचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. नेहमींच्या दाबाखालीं ती चिनीमातीसारखी वागते, विजेस वाट देत नाहीं. दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला कीं तीच वाट मोकळी करते व उसळी न्यूट्रलच्या किंवा अर्थिंगच्या तारेंत सोडून देते. उसळी ओसरतांच ती पूर्ववत् होते. मात्र प्रत्येक मोठ्या आघातानें ती थोडी झिजते; म्हणून चांगल्या उपकरणावर एक लहानशी खिडकी असते. तींत हिरवा रंग दिसे तोंवर उपकरण कामाचें, तांबडा दिसला कीं बदलावयाचें.

दुकानदार येथपर्यंतच सांगतो आणि गिऱ्हाईकही येथपर्यंतच ऐकतें. वस्तुतः आपल्या भागांत यंत्रें जळण्याचें याहून निराळें एक कारण आहे, व त्यापुढें ही तबकडी एकटी टिकत नाहीं. तें कारण म्हणजे न्यूट्रल तुटणें. डीपीवरून निघणाऱ्या तीन फेजांपैकीं प्रत्येकीचा दाब न्यूट्रलशीं २३० व्होल्ट असतो, परंतु दोन फेजांमध्यें तो सुमारें ४०० व्होल्ट असतो. आतां असें समजा कीं, एका फेजवर एका घरीं १००० वॅटची इस्त्री चालू आहे, दुसऱ्या फेजवर दुसऱ्या घरीं १०० वॅटचा जुन्या तऱ्हेचा दिवा जळत आहे, आणि खांबावर या दोघांची न्यूट्रल तुटली. मग इस्त्री व दिवा एकामागें एक असे ४०० व्होल्टांच्या फेऱ्यांत सांपडतात. इस्त्रीचा अवरोध सुमारें ५३ ओहम, दिव्याचा सुमारें ५२९. गणित करून पाहा, दिव्याच्या वांट्यास ३६० व्होल्टांहून अधिक दाब येतो व इस्त्रीस चाळिसाच्या आंतच मिळतो. गांवांत कांहीं घरांचे दिवे मंद होतात आणि त्याच वेळीं शेजारच्या घरांचे फटाफट उडतात, त्याचें रहस्य हें आहे. त्यांत दैवाचा कांहीं संबंध नाहीं.

ही स्थिति क्षणभर नव्हे, तर लाइनमन येईपर्यंत राहते. सामान्य घरगुती एसपीडीची तबकडी २७५ व्होल्टपर्यंतचा दाब कायम सोसण्यासाठीं केलेली असते. तिच्यावर ३६० व्होल्ट पांच मिनिटें राहिले तर ती तापून जळून जाते. म्हणून चाकांवरच्या घरास उसळी वळविणारें उपकरण व दाबावर पहारा ठेवणारें उपकरण अशीं दोन्ही पाहिजेत. दुसरें उपकरण दाब ठरविलेल्या मर्यादेच्या वर गेला किंवा फार खालीं आला कीं पुरवठाच तोडतें, आणि तो पूर्ववत् झाल्यावर दोन-तीन मिनिटें थांबून मग जोडतें. हा विलंब फ्रिजच्या कॉम्प्रेसरसाठीं असतो. नुकताच थांबलेला कॉम्प्रेसर लगेच सुरू करणें म्हणजे चढावर उभी असलेली भरली बैलगाडी एकाच हिसक्यानें ओढण्यासारखें आहे. परदेशांत ट्रेलरासाठीं मिळणाऱ्या चांगल्या पेट्यांत हीं दोन्ही कामें एकत्र असतात, व अर्थिंग आहे कीं नाहीं, फेज आणि न्यूट्रल उलट आहेत कीं काय, हेंही त्या आधीं तपासतात. पैसे थोडे असतील तर शोभेच्या दिव्यांत काटकसर करावी, येथें करूं नये.

आतां अर्थिंगकडे वळूं, कारण जिवाचा प्रश्न येथें आहे. पक्क्या घराच्या पायाशीं मीठ व कोळसा घातलेला अर्थिंगचा खड्डा असतो. ट्रेलर मात्र रबरी चाकांवर उभा असतो. त्यास स्वतःची जमीनच नसते. बाहेरून येणाऱ्या केबलच्या तिसऱ्या तारेंतून जें अर्थिंग मिळेल तेंच त्याचें. ती तिसरी तार नसली, आणि आंत कोठें फेजचें वेष्टण घांसून तार पत्र्यास टेंकली, तर सबंध घराचें धातूचें अंग २३० व्होल्टांवर जातें. आंत बसलेल्यांस कांहींच जाणवत नाहीं, जसें तारेवर बसलेल्या पांखरास जाणवत नाहीं. परंतु लहान मूल दाराची मूठ धरून एक पाय ओल्या काळ्या मातींत टेंकतें, त्या क्षणीं फेरा पूर्ण होतो. यात्रेच्या ठिकाणीं दोन पिनांच्या पिवळ्या-तांबड्या वायरीवरून वीज घेणें, किंवा खांबावरील तारेवर आकडा टाकणें, यांतील खरा धोका हा आहे. आकडा टाकणें हा २००३ च्या विद्युत् अधिनियमाप्रमाणें गुन्हा आहेच. तो नसता तरी शहाण्या माणसानें तसें केलें नसतें.

कोणी म्हणेल, लोखंडी सळई जमिनींत ठोकून ट्रेलराशीं जोडली कीं झालें. तेवढ्यानें होत नाहीं. अशा एकट्या सळईचा अवरोध ५० ओहम धरला, तर फेज पत्र्यास लागल्यावर तीमधून साडेचार ॲम्पिअरच्या आसपास प्रवाह जाईल. सोळा ॲम्पिअरचा एमसीबी त्यास जागचा हलत नाहीं, आणि पत्रा तसाच जिवंत राहतो. उन्हाळ्यांत आपली काळी माती भेगाळून कोरडी पडली म्हणजे अवरोध आणखी वाढतो. यासाठीं आरसीसीबी लागतो, ज्यास आपल्याकडे बहुतेक जण ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह व न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची तो सतत तुलना करतो. ३० मिलिॲम्पिअरचा फरक पडला कीं निमिषांत वीज तोडतो. त्यावर परीक्षेचें एक बटण असतें. प्रत्येक मुक्कामीं तें दाबून पाहण्यास कांहीं खर्च येत नाहीं.

या उपकरणांची जागा कोठें असावी? बाहेरची केबल जेथें ट्रेलरास जोडली जाते, त्या इनलेटपासून शक्य तितक्या जवळ मुख्य पेटी असावी. तींत प्रथम फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा मुख्य स्विच असावा, कारण यात्रेंतील बोर्डावर कोणती तार कोठें असेल याचा भरंवसा नसतो. एसपीडी ही आरसीसीबीच्या अलीकडे जोडावी, नाहीं तर प्रत्येक उसळीस आरसीसीबी विनाकारण पडेल. आणि एसपीडीच्या जोडतारा आंखूड ठेवाव्या, दोन्ही बाजूंच्या मिळून अर्ध्या मीटरहून अधिक नसाव्या. याचें कारण गंमतीचें आहे. सरळ तारेच्याही अंगीं प्रवाहाच्या एकाएकीं होणाऱ्या वाढीस विरोध करण्याचा गुण असतो. एका मायक्रोसेकंदांत हजार ॲम्पिअरनें वाढणाऱ्या प्रवाहास एक मीटर तार सुमारें हजार व्होल्टांचा अडथळा करते. म्हणजे उत्तम उपकरण आणून त्यास दोन मीटरांची वळणदार तार जोडणारा कारागीर, पाट बांधून त्याच्या तोंडाशीं दगड रचतो.

आंतील तारांविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. घर चालतें, म्हणून तार हादरते. यासाठीं एकसंध जाड तारेपेक्षां अनेक बारीक धाग्यांची तांब्याची तार वापरावी. दिव्यांस दीड चौरस मिलिमीटर, सोळा ॲम्पिअरच्या सॉकेटास अडीच. तार पत्र्यांतून जेथें आरपार जाते तेथें भोंकास रबरी कडें बसवावें, सबंध तार पाइपांतून न्यावी व वीत-वीत अंतरावर क्लॅम्पनें धरावी. टोकांस थिंबल दाबून बसवावें. पिळून वर काळी टेप गुंडाळलेला जोड नेरच्या खडबडीत रस्त्यावर एक मोसमही काढीत नाहीं. गॅसच्या नळीजवळून व सिलिंडरच्या खणांतून तार कदापि नेऊं नये. बाहेरची केबल इनलेटमध्यें शिरण्यापूर्वीं तिला खालीं एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचें पाणी तेथून ठिबकतें, आंत जात नाहीं. दोन्हीकडे पिना असलेली वायर कोणी देऊं केली तर परत करावी, कारण तिचें मोकळें टोक म्हणजे उघडी वीज. आणि केबल रिळावर गुंडाळलेली असतां भार टाकूं नये. पूर्ण उलगडावी, नाहीं तर ती आपल्याच उष्णतेनें वितळते.

बॅटरीच्या बारा व्होल्टांच्या तारा मात्र निराळा विचार मागतात. येथें झटक्याचें भय नाहीं, म्हणून लोक बेफिकीर राहतात. परंतु १२० वॅटच्या पंपास २३० व्होल्टांवर अर्धा ॲम्पिअर पुरतो, बारा व्होल्टांवर दहा लागतात. अडीच चौरस मिलिमीटरची तार पांच मीटर नेऊन परत आणली, तर वाटेंतच पाऊण व्होल्ट नाहींसा होतो. बारांतून पाऊण गेला म्हणजे शेंकडा सहा गेले. यास्तव येथें जाड तार हवी, आणि बॅटरीच्या अगदीं जवळ फ्यूज हवा, कारण बॅटरींतून आगीपुरता प्रवाह क्षणांत मिळतो. या तारा २३० व्होल्टांच्या तारांबरोबर एकाच पाइपांत घालूं नयेत. हें सर्व काम परवानाधारक वायरमनकडून करवून घ्यावें. घरांतील मुलांनीं तें पाहावें व प्रश्न विचारावे, पण हात लावूं नये.

राहिली आकाशांतील वीज. मृगापूर्वींच्या वळवाच्या दिवसांत ती आपल्या भागांत किती निष्ठुर असते, हें सर्वांस ठाऊक आहे. ट्रेलराचें अंग सर्व बाजूंनीं धातूचें असेल तर आंतील माणसें बरीच सुरक्षित असतात; मायकेल फॅरडेनें १८३६ मध्यें धातूच्या पिंजऱ्यांत बसून जें दाखविलें तेंच हें. रबरी चाकांचा यांत कांहीं हात नाहीं. जी वीज ढगापासून मैल-मैल हवा ओलांडून येते, तिला वीतभर रबर काय अडविणार? अंग फायबरचें असेल तर तो आश्रय मानूं नये, ओढणाऱ्या मोटारींत बसून कांचा लावाव्या. आणि अंग कोणतेंही असो, केबल जोडलेली असेल तर उसळी तिच्या वाटेनें आंत येते, व अगदीं जवळ पडलेल्या विजेपुढें कोणतीही एसपीडी पुरी पडेल असें नाहीं. तेव्हां वादळ येण्यापूर्वींच मुख्य स्विच बंद करून केबल भिंतीवरील सॉकेटांतून काढून ठेवावी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचें ‘दामिनी’ नांवाचें ॲप मोबाइलवर जवळपासच्या विजांची सूचना देतें. तें नसल्यास चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजावे व तिनानें भागावें, भागाकार किलोमीटरांचा. अंतर दहा किलोमीटरांच्या आंत आलें असेल तर केबल काढण्यास बाहेर जाण्याची वेळ टळून गेली, असें समजावें. मग जोडलेली केबल तशीच राहूं द्यावी, आंतील नळास व स्विचास हात लावूं नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत थांबावें. नंतर बाहेर आल्यावर प्रथम एसपीडीची खिडकी पाहावी.