टर्बोच्या पोटात, भाग अकरावा : तेल जातं, पण परत येत नाही

इंटरकूलर पुढच्या आठवड्यात. या आठवड्याची जागा पिंपळगाव रेणुकाईहून आलेल्या एका पत्राने खाल्ली.

पत्रलेखक हिरव्या मिरचीची वाहतूक करतात. हंगामात त्यांची पिकअप संध्याकाळी भरते आणि उजाडायच्या आत ती लांबच्या मंडईत उभी असावी लागते. या गाडीला एका वर्षात दोन टर्बो बसले. दोन्ही बाजारातून आणलेले, पेटीबंद, नवे कोरे. पहिला महिनाभर नीट चालला, दुसरा तेवढाही नाही. अजिंठ्याच्या घाटात ओढ कमी नाही, आवाज बदललेला नाही. पण सकाळी गाडी चालू करून उभी ठेवली की निळा धूर, आणि इंटरकूलरच्या होजला तेलच तेल. फिटर म्हणतो सगळा लॉटच खराब आलाय, आता तिसरा ‘भारीतला’ टाकू. पत्रलेखक विचारतात, टाकू का?

नका टाकू. निदान रिटर्न पाईप खोलून पाहिल्याशिवाय तरी नका. बाजारातून आणून बसवलेल्या टर्बोच्या तक्रारी मी बरीच वर्षं पाहतोय. टर्बोला तेल पोचतं की नाही याची काळजी सगळे घेतात. ते तेल परत जातं की नाही, हे पाहायला मात्र गाडीखाली कुणी शिरत नाही.

शाफ्टला पेलणारा बुश मागच्या भागात झाला, तिथूनच पुढे निघू. ऑईल पंप तीन-चार किलोच्या दाबाने तेल टर्बोच्या डोक्यात सोडतो. बुशच्या आतून-बाहेरून फिरून ते खाली पडतं तेव्हा त्यातला दाब संपलेला असतो. मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेणाऱ्या शाफ्टने ते घुसळलेलं असतं, त्यात हवा आणि एक्झॉस्टचा थोडा गॅस मिसळलेला असतो. उतू जाणाऱ्या दुधासारखं ते फुगलेलं असतं, आणि इंजिनाच्या बुडाच्या तेलाच्या चेंबरकडे ते जातं ते फक्त स्वतःच्या वजनाने. मध्ये दुसरा पंप नाही. म्हणून तेल देणारी नळी, म्हणजे फीड, आतून चार ते सहा मिलिमीटरची चालते, पण परत नेणारी किमान बारा-तेरा लागते आणि मोठ्या टर्बोला अठरा-एकोणीस. टर्बोच्या बुडाचं तोंड सरळ जमिनीकडे हवं. तिरपं करावंच लागलं तर उभ्या रेषेपासून ३५ अंशांच्या आत.

पत्रात पुढे ‘सील गेलं’ असं लिहिलंय. गॅरेजमध्येही हेच ऐकू येतं. पण चाकाच्या हबला असतं तसं रबरी ऑईल सील टर्बोत नसतंच. लोड घेतलेल्या डिझेल इंजिनाचा धूर सहाशे-सातशे अंशांचा असतो, रबर तिथे किती वेळ टिकणार? तिथे असते पिस्टन रिंगच्या जातीची एक बारीक रिंग. ती शाफ्टच्या खाचेत बसते, पण बाहेरच्या बॉडीला धरून स्थिर राहते आणि शाफ्ट तिच्या आत फिरतो. तिचं खरं काम दोन्ही टोकांचा गॅस तेलाच्या खोलीत येऊ न देणं. तेलाने भरलेल्या खोलीचा बांध म्हणून ती केलेलीच नाही. रिटर्न तुंबला, तेल शाफ्टच्या पातळीपर्यंत चढलं, की नवी कोरी रिंगसुद्धा तेल सोडते. ते हवेच्या बाजूने गेलं तर इंटरकूलरमध्ये, दुसऱ्या बाजूने गेलं तर सायलेन्सरमध्ये. त्यात गाडी नुसती चालू ठेवून उभी असेल तर टर्बो हवा दाबत नसतो, म्हणजे रिंगेला पलीकडून मिळणारा टेकूही नसतो. सकाळच्या धुराचं कारण हे.

फिटर दुसरी एक चाचणी करतात. चिमटीत शाफ्ट धरून हलवतात आणि ‘प्ले आलाय’ म्हणून निकाल देतात. तरंगत्या बुशचा शाफ्ट वर-खाली किंचित हलणारच. ती जागा तेलाच्या थराची आहे आणि तेल नसताना ती रिकामी असते. मागे-पुढे हलत असेल किंवा पंखा बॉडीला घासल्याच्या खुणा असतील, तर मात्र तो टर्बो गेला. पत्रलेखकांच्या पहिल्या टर्बोचं काय झालं ते आता कळायला मार्ग नाही, भंगारात गेला. त्यातही काही दोष नसावा असा माझा संशय आहे.

फोनवर बोलून गाडी भोकरदनला बोलावली. जालना रोडवरच्या ओळखीच्या गॅरेजात रॅम्पवर चढवली. रिटर्नला वर लोखंडी तुकडा, खाली लोखंडी तुकडा आणि मध्ये वीतभर काळा रबरी होज, दोन क्लिपा आवळलेल्या. गॅरेजमधल्या पोराने तो काढला, तोंडाने फुंकून पाहिला, हवा गेली. म्हणाला, “काका, पाईप चांगलाय.” मी म्हटलं, उभा चीर. ब्लेडने चिरल्यावर आतलं दिसलं. होज पाण्याचा होता, रेडिएटरला लावतात त्यातला. गरम तेल पिऊन आतला थर फुगून मऊ पडला होता, एका बाजूने सुटून जिभेसारखा लोंबत होता. बाहेरून जाडजूड, आतून पेन्सिल जाईना. वरून आणखी एक गंमत. टर्बोच्या बुडाचं पॅकिंग शीटमधून हाताने कापलेलं, त्याचं भोक मूळ भोकाच्या निम्मं, आणि कडेने सिलिकॉनचा पिळदार दोरा आत उतरलेला. फुंकर हलकी असते, ती कुठूनही निघते. फेसाळलेलं तेल निघत नाही.

त्याच मापाचा तेलाला आणि उष्णतेला टिकणारा होज टाकला, तयार पॅकिंग घातलं, सिलिकॉन अजिबात नाही. इंटरकूलर उतरवून उलटा केला आणि धुतला. टर्बोला हात लावला नाही. गाडी चालू केली आणि धूर तसाच! मालकांचा चेहरा पडला. पण सायलेन्सरमध्ये साठलेलं तेल जळायला वेळ लागतो. अर्धा-पाऊण तास लोडवर पळवल्याशिवाय निकाल देऊ नये. राजूरपर्यंत जाऊन आले, धूर बंद. दुसरा टर्बो अजून त्याच गाडीत आहे.

होज-पॅकिंग ठीक असूनही धूर राहिला असता तर पुढचा संशय ब्रीदरवर. रिटर्न उघडतो तो चेंबरमध्ये. जुनं इंजिन बॅक कम्प्रेशन मारत असेल आणि ब्रीदर चिखल-तेलाने बुजलेला असेल, तर चेंबरमधला दाब रिटर्नच्या तोंडावर खालून उभा राहतो. वजनाने उतरणाऱ्या तेलाला तेवढा अडथळा पुरतो. ब्रीदरचा पाईप सोडून पाहा. धूर उतरला तर रोग इंजिनाचा आहे, टर्बोचा नव्हे. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ आहे, त्यामुळे एअर फिल्टरही पाहायचा. तो बुजला की टर्बोच्या तोंडाशी ओढ तयार होते आणि रिंगेतून तेल शोषलं जातं.

या सगळ्यावर गॅरेजमध्ये एक हुकमी इलाज चालतो, त्याच्याविषयी मला मनापासून राग आहे. धूर येतोय ना, मग फीडच्या बँजो बोल्टमध्ये बारीक भोकाची गोळी ठोकायची आणि तेलच कमी करायचं. धूर थांबतो. गिऱ्हाईक खूश. बुशला तेल अपुरं पडतं, थर फाटतो, आणि काही दिवसांत टर्बो खरोखरच जातो. मग ‘लॉट खराब’ म्हणायला फिटर मोकळा. बॉल बेअरिंगच्या टर्बोला अशी अडवणूक मुद्दाम करतात, साधारण एक मिलिमीटरच्या भोकाची, कारण त्याला तेल कमी लागतं. ते वाचून-ऐकून बुशच्या टर्बोवर हाच प्रयोग होतो. आपल्या पिकअपला, ट्रकला, ट्रॅक्टरला बुशचाच टर्बो असतो. ही गोळी रिटर्नचा रोग बरा करत नाही, फक्त झाकते.

जहाजावरचे इंजिनियर हे वाचून हसतील. स्वित्झर्लंडच्या ब्राऊन बोव्हेरी कंपनीचे व्हीटीआर टर्बो त्यांच्या चांगल्या परिचयाचे. त्यात शाफ्टच्या दोन्ही टोकांना बेअरिंग आणि प्रत्येक बेअरिंगचं तेल त्याच्याच डबीत. इंजिनातून तेल येत नाही, त्यामुळे परत जायचा प्रश्नच नाही. काचेतून पातळी बघायची आणि ठरलेल्या तासांनी तेल बदलायचं. फार देखणी रचना, पण आकाराने अजस्र. गाडीत बसेल एवढा लहान आणि एवढ्या वेगाचा टर्बो करायचा म्हटल्यावर बेअरिंगं मध्ये आली, तेल इंजिनाकडून उसनं घ्यावं लागलं आणि ही परतफेडीची भानगड मागे लागली. अमेरिकेत काही हौशी लोक टर्बो चक्क मागे, सायलेन्सरच्या जागी लटकवतात. तो चेंबरच्याही खाली जातो, मग तेल वर ओढायला वेगळा पंप बसवावा लागतो. पंप बंद पडला की तेल थेट रस्त्यावर.

असा बाहेरून टर्बो बसवून घेण्याची हौस आपल्याकडेही सुरू झाली आहे, ट्रॅक्टरवर. बिनटर्बोच्या ट्रॅक्टरला ट्रकचा जुना टर्बो चढवायचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, नोंदणीतले उत्पादकाने दिलेले तपशील बदलतील असा फेरफार करता येत नाही, तेव्हा मी याची शिफारस करत नाही. पण ज्यांनी बसवून घेतलाय त्यांची पत्रं येतात, म्हणून तेलापुरतं लिहितो. फीड सोपं आहे, ऑईल प्रेशरच्या स्विचजवळ टी लावून घेतात. रिटर्नसाठी मूळ इंजिनात भोकच नसतं. मग चेंबरला पाडतात, आणि हात पुरतो तिथे पाडतात, म्हणजे तेलाच्या पातळीखाली. तेलात बुडालेल्या तोंडातून तेल कसं उतरणार? तोंड पातळीच्या वरच उघडायला हवं, आणि पातळी सपाट अंगणात मोजून भागत नाही. पलटी नांगर चालवताना ट्रॅक्टरचं एका बाजूचं चाक तासात असतं, सगळं इंजिन त्या बाजूला कलतं आणि चेंबरमधलं तेलही. घरी बिनधुराचा असलेला ट्रॅक्टर शेतात धूर का सोडतो, याचं उत्तर अनेकदा एवढंच असतं. शिवाय चेंबर न उतरवता ड्रिल मारलं तर लोखंडाचा कीस तेलात जातो. ट्रॅक्टरचा चेंबर बहुधा ओतीव असतो, त्याला वेल्डिंग करायला जाऊ नये. इंजिनाच्या बाजूला उंचावर एखादं झाकण असेल तर त्यावर रिटर्न घेणं केव्हाही चांगलं.

फीडचं थोडक्यात. जुना टर्बो जळाला असेल तर फीडची नळी बदलाच. आत कोळसा धरलेला असतो, तो धुऊन निघत नाही, आणि सुटलेला कण नव्या बुशात जातो. बँजोवर तांब्याचे वॉशर पुरतात. टेफ्लॉन टेप किंवा सिलिकॉन तिथे नको. बसवल्यावर फीडच्या भोकात स्वच्छ तेल ओता, चाक हाताने फिरवा, डिझेल तोडून स्टार्टर मारा, रिटर्नमधून तेल आलेलं दिसलं की मगच इंजिन चालू करा. पहिले काही सेकंद कोरड्या बुशावर रेस केलेली गाडी त्याच दिवशी आयुष्य गमावते.

शेवटची गोष्ट फक्त गाडीमालकांसाठी नाही, ड्रायव्हरसाठीही आहे. इंटरकूलरमध्ये तेल साठू देऊ नका. डिझेल इंजिनाला इंजिन ऑईलही जाळता येतं. साठलेलं तेल एकदम ओढलं गेलं तर इंजिन आपोआप रेस होत जातं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही, कारण ते पंपाच्या डिझेलवर चालतच नसतं. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा, इंजिन बंद पडेल. ते जमलं नाही तर हवेच्या तोंडावर लाकडी फळी दाबा. हात किंवा फडकं कधीही नाही, ते आत ओढलं जातं. तेही शक्य नसेल तर गाडीपासून लांब व्हा. ड्रायव्हरला हे आजच सांगून ठेवा.