सुई तीच, पण इन्सुलिन नव्हे!

मराठी घरात 'इंजेक्शन सुरू झालं' हे वाक्य दबक्या आवाजातच बोललं जातं. म्हणजे गोळ्या संपल्या, आता शेवटचा टप्पा... असा सगळ्यांचा समज. त्यामुळे पस्तिशीत डायबेटिस निघालेल्या, दिवसाचे दहा तास खुर्चीला चिकटलेल्या आयटीवाल्याला डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा टोचायचं पेन सुचवलं, की तो हबकतो. 'गोळीच वाढवा ना डॉक्टर!' म्हणतो आणि घरी तर विषयच काढत नाही.

पण बॉस, हे इन्सुलिन नव्हेच!

आपल्या आतड्यात 'जीएलपी-१' नावाचं हार्मोन तयार होतं. आपण जेवलो की ते स्वादुपिंडाला सांगतं, 'इन्सुलिन सोड'. पोटाला सांगतं, 'जरा सावकाश' आणि मेंदूला, 'पुरे आता'. अडचण एकच. रक्तात ते जेमतेम दोन मिनिटं टिकतं. ही नवी इंजेक्शनं म्हणजे त्याची टिकाऊ नक्कल. शिवाय साखर वाढलेली असेल तेव्हाच ती इन्सुलिनला ढकलतात, त्यामुळे शुगर एकदम खाली जाण्याची भीती कमी. सोबत ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर मात्र ती भीती आहे, तेव्हा त्या गोळीचा डोस डॉक्टरांकडून तपासून घ्यायलाच हवा.

या औषधाचा जन्म तर सिनेमात शोभेल असा. अमेरिकेत गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा आहे. दिसायला आपल्या घोरपडीचा रंगीत चुलतभाऊ! न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधले डॉ. जॉन एंग यांना १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या विषात जीएलपी-१सारखाच, पण बराच जास्त टिकणारा रेणू सापडला. त्यातून एक्सेनाटाइड आलं. २००५मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, पण ते दिवसातून दोनदा टोचावं लागायचं. मग रोज एकदाचं लिराग्लुटाइड आलं आणि पुढे आठवड्यातून एकदाचं सेमाग्लुटाइड. भारतात मार्च २०२५मध्ये दोन हार्मोन्सचं काम एकत्र करणारं टिर्झेपेटाइड म्हणजे 'मौंजारो' आलं, तर डिसेंबर २०२५मध्ये 'ओझेम्पिक'. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची इथली मुदत मार्च २०२६पर्यंतची. त्यानंतर देशी कंपन्यांना रान मोकळं.

२०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना डायबेटिस आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्यासाठी हे औषध नुसतं साखरेपुरतं नाही. यातल्या काही औषधांनी हार्ट अॅटॅकचा धोकाही कमी केल्याचं मोठ्या चाचण्यांमध्ये दिसलंय. निव्वळ 'लोक काय म्हणतील' म्हणून ते दोन-चार वर्षं पुढे ढकललं, तर तेवढा काळ वाढलेली साखर डोळ्यांवर आणि किडनीवर आपलं काम करतच राहते.

आता दुसरं टोक. 'लग्नाला तीन महिने आहेत, दहा किलो उतरवायचेत' म्हणून मित्राच्या ओळखीच्या केमिस्टकडून पेन आणणारी मंडळी! प्लीज, नको. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे तर नेहमीचेच पाहुणे, म्हणूनच डोस महिन्या-महिन्याने वाढवत नेतात. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल, घरात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर असेल किंवा बाळाचा विचार चालू असेल, तर हे डॉक्टरांना आधी सांगायचं. चरबीबरोबर स्नायूही झडतात, तेव्हा डाळ, अंडी, पनीर आणि थोडे डंबेल्स हवेतच. औषध सोडलं की बहुतेकांचं वजन परत चढतं, हेही माहीत असू द्या. आणि टाइप-१ डायबेटिस असलेल्यांनी इन्सुलिन बंद करून हे घेणं? ते थेट जिवावर बेतू शकतं.

न वापरलेलं पेन फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. आणि ऑपरेशन ठरलं, अगदी छोटं असलं तरी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना या पेनबद्दल आधीच सांगा. तुम्ही रात्रभर उपाशी असलात तरी पोट अजून भरलेलं असू शकतं.